फ्लेक्सवरची वेळ

वॅलेन्सियाच्या मॅरेथॉनला निघण्याआधी महिनाभर आमच्या फ्रिजवर माझा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तीन ओळी होत्या. अ : ३ तास ५८ मिनिटं ३० सेकंद. ब : ४ तास ५ मिनिटांच्या आत. क : शेवटपर्यंत पोचणे. प्रत्येकीपुढे शक्यता लिहिली होती : तीस टक्के, पंचाहत्तर टक्के, पंच्याण्णव टक्के. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि हिंजवडीच्या एका प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. अंदाजासोबत त्याची खात्रीही लिहायची सवय हातालाच लागली आहे.

माझी आधीची सर्वोत्तम वेळ होती ४:१९:१२. ती मोडायची म्हणून चौदा महिने मी आमच्या चांदे गावाहून नांद्याच्या रस्त्याने पहाटे पळत होते. कुत्री मागे लागायची, डंपरची धूळ नाकात जायची, पण प्रत्येक आठवड्याचे आकडे वहीत चढत होते. चार तासांच्या आत यायचं, बस्स. दुसरं काही नको होतं.

शर्यतीच्या सकाळी मी स्पेनमध्ये, फिरत्या संडासासमोरच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे चाळीसेक माणसं. मूत, व्हिक्स आणि केळ्यांच्या साली यांचा एकत्र वास येत होता. तेवढ्यात आईचा फोटो आला. आमच्या वेशीवरचा फ्लेक्स होता.

वर हात जोडलेले कैलासकाका, पाच फूट उंच. खाली मी. म्हणजे कॉलेजच्या ओळखपत्रावरचा माझा चेहरा, आणि तो कुणा गोऱ्या बाईच्या धडावर चिकटवलेला. ते पाय माझ्या पायांपेक्षा निदान चार इंच लांब होते. त्याखाली : ‘चांदे गावची वाघीण! परदेशी मॅरेथॉन ३ तास ५८ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ सगळ्यात खाली गॉगल लावलेले अकरा शुभेच्छुक, आणि एका कोपऱ्यात काका विकत असलेल्या एन.ए. प्लॉटसाठीचा फोन नंबर.

मी अजून सुरुवातीच्या रेषेपर्यंतही गेले नव्हते.

मी फोन लावला. “आई, हे काय?”

“अगं, तुझ्या काकानं फ्रिजवरच्या कागदाचा फोटो काढून फ्लेक्सवाल्याला धाडला. म्हनला, आयतवारी गावात लग्नाची वरात हाय, लोकं येत्यात, तवा लागलेला बरा. मारुंजीच्या चौकातबी लावलाय. पौडला यष्टी ष्टँडावरबी.”

“तो अंदाज होता! बाजूला तीस टक्के लिहिलंय!”

“ते त्याला काय कळतंय? तू पळ बाई आता नीट.”

प्लॅन किलोमीटरला पाच मिनिटं एकोणचाळीस सेकंदांचा होता. पहिले दहा किलोमीटर मी पाच तीसने गेले. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. पौडच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलेली माणसं माझ्या डोक्यात बसली होती. अर्धं अंतर १:५७:४० ला झालं. कागदावर छान दिसतं, पण किलोमीटरमागे वाचवलेल्या त्या नऊ सेकंदांची किंमत स्नायू आधीच मोजत होते.

चौतिसाव्या किलोमीटरला, संत्र्याच्या साली आणि चिकट पाकिटं यांच्या राड्यात, मी ओकले. पळताना ताकदीसाठी चोखलेलं गोड, कोमट जेल नाकातून आलं. एका म्हाताऱ्या स्पॅनिश बाईने पाठीवर हात ठेवला आणि मी तो झटकला, याची मला अजून लाज वाटते. उरलेलं अंतर पायांत गोळे घेऊन पळाले, आणि पळताना मला स्वतःची किळस येत होती. चौदा महिने मी आकड्यासाठी पळाले आणि त्या दिवशी फ्लेक्ससाठी.

अधिकृत वेळ : ४:००:३८.

आधीपेक्षा अठरा मिनिटं चौतीस सेकंद कमी. रात्री हॉटेलात बसून मी ते तीनदा वजा करून पाहिलं. चार तास हुकले होते, पण हा आकडा माझा होता. तो घेऊन मी घरी आले.

घरी काका ओसरीत माझं घड्याळ हातात घेऊन बसले. त्यांनी त्यातलं सगळं शोधून काढलं होतं. “हे बघ. घड्याळात किती पळालीस? बेचाळीस पॉइंट छपन्न. मॅरेथॉन कितीची असती?”

“बेचाळीस पॉइंट एक नऊ पाच.”

“मग? तेवढं कवा झालं तुझं? तीन अठ्ठावन सत्तावीस! तीन सेकंद शिलकीत हायेत. उगं तोंड पाडून बसलीय.”

“काका, प्रत्येक वळण आतल्या कडेनं कापता येत नाही. बाहेरून गेलं की अंतर वाढतं. त्यात घड्याळ उपग्रहावरून मोजतं, उंच इमारतींमध्ये चुकतं. शर्यतीचं अंतर रस्त्यावर मोजलेलं असतं. घड्याळात तेवढं अंतर भरलं तेव्हा शेवटची रेषा अजून पुढे होती.”

“सातबाऱ्याव येक आन् जाग्याव येक, असं व्हतंच की. मोजणी झाली की समजून घ्याचं आसतं.”

“मी नाही समजून घेणार.”

“बघ वैनी,” काका आईकडे वळले, “दोन मिन्टासाठी गावाचं नाक कापाया निघाली तुझी शास्त्रज्ञ.”

बाबा काकांच्या मागे उभे होते. ते नेहमीच तिथे असतात.

पुढच्या रविवारी मारुतीच्या देवळापुढे सत्कार झाला. शाल, नारळ, फेटा. फेटा कुणाच्या तरी डोक्यावरून आलेला होता, आतून ओलसर होता. काकांनी माइकवर ‘तीन तास अठ्ठावन मिनटं’ असं दोनदा म्हटलं आणि दोन शब्द बोल म्हणून माइक माझ्या हातात दिला. त्यावर थुंकीचा वास होता.

मी म्हणाले, “फ्लेक्सवरची वेळ चुकीची आहे. शर्यत व्हायच्या आधीच ती छापली गेली होती. माझी वेळ चार तास शून्य मिनिटं अडतीस सेकंद आहे. माझी आतापर्यंतची सगळ्यात चांगली.”

कुणी टाळी वाजवली नाही. पुढच्या रांगेतल्या एकनाथमामांनी शेजाऱ्याला विचारलं, “म्हंजी नापास झाली का काय?”

काकांनी माइक घेतला.

“ऐकलं का मंडळी? अडतीस सेकंद! कुनाला कळलं असतं? पन न्हाई! आमच्या घरची पोर हाय ती. आमी इंचभर जिमीन इकडची तिकडं करत न्हाई, ते हितनं आलंय! जे कागदाव, तेच जाग्याव!”

त्यावर मात्र टाळ्या पडल्या. जोरात, बराच वेळ. बाबांनीही वाजवल्या. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि मला पुन्हा चौतिसाव्या किलोमीटरची चव आली.

तिसऱ्या दिवशी आईने मला काकांच्या ऑफिसात डबा घेऊन पाठवलं. पत्र्याची खोली, भिंतीवर प्लॉटचा नकाशा. समोर एक जोडपं बसलं होतं, बहुतेक आयटीतलं; बाईच्या मांडीवर लॅपटॉपची बॅग. मी दारात पोचताच काकांनी हाक मारली.

“हीच ती. गौतमे, ये हिकडं. साहेब, हिनं सोताहून माइकवर खरी येळ सांगितली बघा. सांग गं, किती येळ लागला तुला?”

“अरे वा,” तो माणूस म्हणाला. “सब-फोर? चार तासांच्या आत?”

पळणारा असावा. आकडा ऐकायला खरंच उत्सुक दिसत होता. त्याला सांगायला मला आवडलं असतं. पहिल्या दहात काय चुकलं, पुढच्या वेळी काय बदलेन, सगळं. मी तोंड उघडलं. काकांनी नकाशावर बोट ठेवलेलं होतं, प्लॉट नंबर सतरा, आणि ते माझ्याकडे बघून हसत होते.

चार, शून्य, अडतीस. अगदी बरोबर आकडे. तेच आता प्लॉट नंबर सतरा विकणार होते.

“सांग की गं, लाजती काय?”

मी डबा टेबलावर ठेवला, “आठवत नाही,” म्हणाले आणि बाहेर आले.