इंजिनावरच्या कण्या

एकाहत्तरच्या लढाईनंतर आमचे हे फौजेतून घरी आले, ते एक पत्र्याची पेटी, गुडघ्यातली कळ आणि पोचे आलेला ॲल्युमिनियमचा डबा घेऊन. पेटीत माझ्यासाठी शाल होती, ती सासूबाईंनी पांघरली. डब्याला मात्र यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

यांचं नाव मानसिंग. तेव्हा मी ते उखाण्याशिवाय घेत नसे. आता दोघांचेही केस पिकलेत, घेतलं तर बिघडत नाही. फौजेत हे ट्रक चालवायचे. गावी आल्यावर ताकारीच्या नानासोंच्या ट्रकवर लागले. पुढं लांब नाक असलेली जुनी गाडी होती ती. त्या नाकाच्या आत, धूर वाहून नेणाऱ्या तापल्या नळीला लागून, हे आपला डबा तारेनं करकचून बांधायचे. आत तांदूळ, डाळ, मीठ, पाणी. झाकणाला खिळ्यानं पाडलेलं एक भोक. गाडी चालली की डबा शिजायला लागायचा.

यांना मैल कळत नसत. ताकारीहून म्हसवड किती लांब म्हणून विचारलं, तर सांगायचे, "विट्यापतूर पाणी उकळतं, मायणीला डाळ मऊ पडती, कुकुडवाडला जेवायला बसायचं. म्हसवड तितनं जवळच."

मला या सगळ्याचा भयंकर राग होता. लग्नाला चार वर्षं झालेली, त्यातली तीन मी एकटीनं सासूबाईंच्या हाताखाली चूल फुंकण्यात घालवलेली. आता नवरा घरी आला, तर त्याला माझ्या भाकरीपेक्षा इंजिनाचा भात गोड. "त्या गाडीशीच लगीन लावायचं हुतं," असं मी म्हणायची. हे हसायचे आणि डबा घासायला घ्यायचे. तोही स्वतःच घासायचे.

मग त्र्याहत्तरचा दुष्काळ आला. आमच्याकडं कृष्णेत पाणी होतं, ऊस उभा होता. माझं माहेर माण तालुक्यातलं, म्हसवडजवळचं. तिथं विहिरींचे तळ दिसत होते. सरकारनं म्हसवडला गुरांची छावणी उघडली आणि नानासोंच्या ट्रकला उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तिथं पोचवायचं काम मिळालं. हे दर तिसऱ्या दिवशी वाडं भरून म्हसवडला जायला लागले.

माझी आई, दगडाबाई, त्याच छावणीत होती. वडील कधीच गेलेले, भाऊ मुंबईला गिरणीत. आई दोन बैल आणि एक गाय घेऊन छावणीत पडून राहिली होती. जनावरांना चारा मिळे. माणसांना रेशनवर लाल मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळे. त्या मिलोची भाकरी तिच्या घशाखाली उतरत नव्हती. त्यात तिला पंधरा दिवस ताप येऊन गेला होता.

ही सगळी हकीकत यांच्याकडून कळल्यावर मी चार भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून दिली. संध्याकाळी फडकं तसंच परत आलं. गाठसुद्धा सुटली नव्हती.

"मामींनी हात लावला न्हाई," हे म्हणाले. "लेकीच्या घरचं चालत न्हाई म्हणाल्या."

मी कपाळावर हात मारला. आमच्यात तशी रीत होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणीही प्यायचं नाही. एरवी या रीतीचं काही वाटत नाही. आई लेकीकडं येते, उंबऱ्याशी बसते, बोलते आणि कोरड्या तोंडानं जाते. पण तेव्हा आई वाळत चालली होती आणि माझ्या घरात भाकरी होती. शिवाय फडक्याबरोबर दुसरी गोष्टही परत आली. मला मूल नव्हतं. ते शेजारणी विसरायच्या, सासूबाईही कधीमधी विसरायच्या. त्या फडक्याची गाठ विसरू देईना.

पुढच्या खेपेला मीच ट्रकात चढले. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, मी तिकडं बघितलंच नाही.

छावणीत आई गायीजवळ बसली होती. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या, इतकी ती रोडावली होती. मी भाकरी सोडून पुढं केली. तिनं ती हातानं मागं लोटली, आणि तिच्या मडक्यातलं पाणी मलाच दिलं.

"अंजे, नगं गं बाळा," ती म्हणाली. "मांडीवर नातू दे, मग तुझ्या पंगतीला बसते. तवर न्हाई."

"तवर जगलीस तर," मी म्हणाले.

बोलून गेले आणि जीभ हासडून टाकावीशी वाटली. आई गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तशीच जाऊन ट्रकात बसले.

परतताना मी रडत होते आणि हे गाडी चालवत होते. मायणीला यांनी गाडी लिंबाखाली लावली, नाक उघडलं, तार सोडली आणि वाफाळता डबा आणून माझ्यासमोर ठेवला. इतक्या दिवसांच्या रागापायी मी त्यातलं कधी खाल्लं नव्हतं. त्या दिवशी खाल्लं. भात मऊ होता. डिझेलचा वास होता, पण भुकेपुढं तो गेला.

"हे म्हसवडापास्नं हितंपतूर शिजलं?" मी विचारलं.

"व्हय."

"मंजी हे कुणाच्या घरचं म्हणायचं?"

यांनी घास थांबवला. "कुणाच्याच न्हाई," ते म्हणाले. "रस्त्याचं."

माझं रडू तिथंच थांबलं. पुढं ताकारीपर्यंत मी एकटीच बोलत होते.

पण माझा स्वभाव असा की दुसऱ्याच्या हातावर विश्वास नाही, इंजिनावर कुठून असणार? तिसऱ्या दिवशी म्हटलं, आजारी बाईला कच्चं नको जायला. म्हणून मी पहाटे डबा चुलीवर ठेवून खिचडी अर्धी शिजवून घेतली, मग यांच्याकडून इंजिनाला बांधून घेतली. यांनी डब्याच्या बुडाकडं बघितलं आणि मान हलवली. तरी तार आवळली. फौजेतली सवय.

छावणीत मी आईला सगळं समजावून सांगितलं. चूल नाही, घर नाही, सासू नाही. गाडीवर शिजलंय, वाटेत. आईनं ऐकून घेतलं. झाकण काढून वास घेतला. मग झाकण लावलं, पदरानं डबा उचलला आणि बूड वर करून बघितलं.

"ही काजळी कसली?" ती म्हणाली. "तुमच्या इंजिनात गवऱ्या घालता व्हय, जावायबापू?"

हे गायीच्या शिंगांकडं बघायला लागले. आईनं डबा माझ्याकडं सरकवला. मला वाटलं, संपलं, आता ही कशालाच हात लावायची नाही. पण ती उठली, भिंत धरत खोपटात गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. मागल्या सालच्या ज्वारीच्या कण्या होत्या त्यात, तिनं स्वतः दगडावर भरडलेल्या, पण चुलीपुढं बसवेना म्हणून तशाच राहिलेल्या, आणि वर मूठभर मूग.

"आईला फसवू नगस," ती म्हणाली. "हे माझं दाणं. तुमच्या शिवंच्या भाईर पानी घ्या. चुलीला दावायचं न्हाई. मग बघू."

मी गाठोडं पोटाशी धरलं. ताप येऊन गेलेली बाई कण्या भरडत बसली होती, म्हणजे जेवायचं तिलाही होतं, नुसती वाट हवी होती. काजळी दिसली नसती तर तेव्हाच जेवली असती. माझ्या अतिशहाणपणानं तिचे तीन दिवस फुकट गेले होते.

ते तीन दिवस मी डबा घासत होते. राखेनं, चिंचेनं, वाळूनं. सासूबाई म्हणाल्या, "भोक पडंल त्याला." मी म्हणाले, "पडू द्या." बूड लख्ख झालं तेव्हाच थांबले.

त्या खेपेला वाडं काठोकाठ भरलं होतं. विट्याला सरकारी नळावर मी पाणी भरलं. कण्या, मूग, मीठ, एक मिरची. मीठ-मिरचीही विट्याच्या दुकानातली. म्हटलं, परत कशावरून नको अडायला. यांनी तार आवळली आणि आम्ही निघालो. आता मूग शिजतील का, हा घोर. कण्या भातापेक्षा हट्टी असतात. मी दर मैलाला विचारत होते आणि हे म्हणत होते, "भरलेली गाडी हाय, इंजिन लय तापतंय, गप बस."

मायणीला मी नाक उघडायला लावलं. भोकातून बारीक वाफ येत होती. "उघडून बघू?" मी म्हणाले.

"फौजेच्या लंगरात असं सारखं झाकान काढणाऱ्याला उपाशी ठेवायचं," हे म्हणाले आणि नाक बंद केलं.

कुकुडवाडच्या अलीकडं रस्ता फुटलेला होता. गाडी कण्हत चालली होती आणि पहिल्यांदाच मला तो आवाज बरा वाटत होता. जेवढी कण्हेल तेवढं शिजेल.

छावणीत आई वाट बघतच होती. तिनं आधी डबा उचलून बूड बघितलं. स्वच्छ, नुसता एका बाजूला तेलाचा डाग. तिनं तो बोटानं पुसला, वास घेतला, नाक मुरडलं. मग झाकण काढलं. कण्या फुलून वर आल्या होत्या, मूग फुटले होते.

मी तोंड फिरवून उभी राहिले. बघवेना. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

वळून बघितलं तर अर्धा डबा रिकामा झाला होता. ती बोटं चाटत होती. मला इतका आनंद झाला की मी तिथंच मातीत बसले आणि हुंदके देऊन रडले. तिनं डबा माझ्यापुढं धरला.

"तू बी खा. माझं दाणं हायती. आईचं लेकीला चालतं."

तिघांनी एकाच डब्यातून खाल्लं. पुढं छावणी बंद होईपर्यंत दर तिसऱ्या दिवशी हाच नेम चालला. आईनं दाणे द्यायचे, विट्याच्या नळानं पाणी आणि गाडीनं आग. आईच्या बांगड्या हळूहळू मनगटाकडं परत आल्या. घरात मी तो डबा चुलीच्या आसपाससुद्धा फिरकू देत नसे.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. बाराव्या दिवशी आई यायची होती. ती नातू म्हणाली होती, मांडीवर तर नात होती. सकाळी मी ठरवलं आणि तो डबा चुलीवर ठेवला. चांगला जाळ घातला. सासूबाई बघतच राहिल्या.

आई आली. उंबऱ्याशी थांबली नाही, थेट आत येऊन बसली. मुलगी मांडीवर घेतली, तिच्याकडं टक लावून बघितलं. मी कण्यांचा डबा तिच्यापुढं ठेवला आणि वाट बघत उभी राहिले.

तिनं सवयीनं डबा उचलला, बूड बघितलं. काळंकुट्ट होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मग त्या काजळीवर बोट घासलं आणि पोरीच्या गालावर तीट लावली.

"नात बी मांडीवरच बसती," ती म्हणाली, आणि पहिला घास घेतला.