झाकलेला आरसा

नाताळला माहेरची माणसं सासरी न्यायची म्हणजे मला आधीच धास्ती. यंदा तर माहेरचं माणूस एकच उरलेलं, बाबा. गाडीत त्यांना बजावलं, सासूबाईंनी तुमच्यासाठी वेगळी भांडी काढलीत, डुकराचं काही केलेलं नाही. ते म्हणाले, "ते ठीक आहे गं. पण तुझी आई कुठंय?"

"मावशीकडे."

आई उन्हाळ्यात गेली. बाबांनी स्वतःच्या हातानं कबरीवर माती लोटली होती. पण त्यांच्या डोक्याची आता चाळण झालीय. सुतक फिटायच्या आतच पुन्हा विचारू लागले. खरं सांगितलं की दर वेळी नव्यानं कोसळायचे. शेवटी मी आईला मावशीच्या गावी पाठवून दिलं. नवरा म्हणतो, खोटं ते खोटंच. म्हणायला त्याचं काय जातं? म्हाताऱ्याला धरून बसावं लागतं मला. एवढी संध्याकाळ निभावली की सुटले, असं म्हणत मी बेल दाबली.

सासरच्यांना मी पढवून ठेवलं होतं, आईचं नाव काढायचं नाही. कुणी काढलंही नाही. पण हॉलमध्ये नणंदेनं बाळ येशूच्या गव्हाणीचा देखावा मांडला होता आणि मागच्या मोठ्या आरशात दिवे चमकून डोळ्यांवर येत होते, म्हणून तिनं आरशावर पांढरी चादर टाकली होती.

बाबा दारातच थबकले. डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

आम्हा ज्यूंच्या घरात कुणी गेलं की आरसे झाकतात. हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार!

"कुणी नाही हो, सजावट आहे," नणंद हसून म्हणाली.

"आरसा झाकून कुणी सजावट करतं का, पोरी?"

मग त्यांनी आमच्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. जावई, मी, विहीणबाई. सगळ्यांना पाहून झालं.

"तुझी आई," ते मला म्हणाले.

मावशीचं गाव काही केल्या माझ्या जिभेवर येईना. मी नुसती होकारार्थी मान हलवली.

बाबा शिंपी. जन्मभर लोकांचं उसवलेलं शिवलं. त्यांनी टेबलावरची सुरी उचलली, कोटाला छातीपाशी उजव्या बाजूला चीर दिली आणि दोन्ही हातांनी ओढून फाडली. आमच्यात शोक असाच करतात. मग ते जमिनीवर बसले. सासूबाईंचे गुडघे कामातून गेलेले, तरी त्या कण्हत कण्हत त्यांच्या शेजारी बसल्या. जेवण गार झालं. मी बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडले. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, बरं वाटलं. इतके महिने आईसाठी मी एकटीच, तेही न्हाणीघरात नळ सोडून रडत होते.

घरी आल्यावर बाबांनी कोट काढला, दिव्याखाली धरला आणि फाटलेल्या जागी बोट फिरवलं.

"हे कुणी केलं गं? चांगला कोट होता. तुझी आई मावशीकडून यायच्या आत शिवून टाकतो, नाहीतर ओरडेल."

"द्या इकडे, मी ठेवते," मी म्हणाले.

कपाट उघडलं. आईच्या कपड्यांमागे, त्याच बाजूला फाटलेला बाबांचा एक कोट मी उन्हाळ्यापासून लपवून ठेवला होता. हा मी त्याच्या शेजारी टांगला.