चाळीस ग्रॅमचं खोटं

मित्रांनो, माझ्यावर आजवर जे जे बसलं, ते बहुतेक रडलं. तरीही मी छळाचं यंत्र नाही. मी एक जुना वजनकाटा आहे. वर पत्र्याचं तबक, पोटात स्प्रिंग, समोर घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यावर फिरणारा एक काटा, एवढाच माझा संसार.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या मिस्त्रीने माझी स्प्रिंग बसवली, काटा शून्यावर आणला आणि "हा काही खोटं बोलायचा नाही" असं म्हणून मला खोक्यात घातलं. जन्मल्या जन्मल्या एवढं कौतुक झालं की कोणीही बिघडतो. मीही बिघडलो, पण ते ओघाने येईलच.

पहिली बावीस वर्षं मी टपाल कचेरीत पार्सलं तोलली. लोक माझ्याकडे संशयाने पाहत. पार्सल घरून निघताना हलकं होतं, ते इथेच येऊन फुगतं, अशी त्यांची तक्रार असे. मी मनातल्या मनात हसत असे. मग कचेरीत नवा काटा आला आणि मला कपाटावर चढवण्यात आलं. तिथे सहा वर्षं मी धूळ तोलली. तिचं वजन मात्र कोणी विचारलं नाही.

एके दिवशी एक परदेशी बाई पार्सल सोडवायला आल्या. समुद्रापलीकडच्या त्यांच्या चर्चमधल्या दयाळू मंडळींनी इथल्या अनाथ मुलांसाठी ते पाठवलं होतं. बाईंनी ते तिथेच उघडलं. आत बर्फावर घसरायचे बूट निघाले, तेरा टाय निघाले आणि नखं रंगवायच्या लाल रंगाच्या चाळीस बाटल्या निघाल्या. बाहेर ऊन असं होतं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाईंनी सगळं पुन्हा नीट घडी घालून ठेवलं, देणाऱ्यांसाठी दोन शब्दांची प्रार्थना केली आणि वर पाहिलं. वर मी होतो. "तो काटा चालतो का?" त्यांनी विचारलं. कारकून म्हणाला, न्या खुशाल, तेवढीच अडगळ कमी. बाईंनी मला कडेवर घेतलं आणि चालू लागल्या. त्याआधी मला कोणी कडेवर घेतलं नव्हतं.

त्या बाईंना सगळे लांबच्या बाई म्हणत. सव्विसाव्या वर्षी त्या दोन पेट्या घेऊन बोटीने इथे आल्या, त्याला आता चाळीस वर्षं झाली होती. इथली भाषा त्या इथल्यांसारखी बोलत, इथल्यांसारख्याच कुरकुरत, तरीही त्या लांबच्याच राहिल्या. त्यांचा भाऊ दर वर्षी पत्रात विचारी, परत कधी येणार? बाई दर वर्षी उत्तर पाठवत, हे एक मूल पाच किलोचं झालं की निघते. मूल पाच किलोचं होई, पण तोवर दुसरं दारात आलेलं असे.

इथल्या छोट्या चर्चच्या मागे बाईंची एक लांबट खोली होती. त्यात बारा छोट्या लोखंडी खाटा, एक टेबल, एक चूल आणि मावशी. मावशी स्वयंपाक करत, दुपटी धूत, मुलांना न्हाऊ घालत आणि देवाला सोडून सगळ्यांना बोल लावत. खोलीत येणारी मुलं कोणाला नको झालेली नसत, मित्रांनो. बहुतेकांचे आईबाप जिवंत होते, फक्त त्यांच्या घरात दूध नव्हतं, औषध नव्हतं किंवा वेळ नव्हता.

बाईंना इथे पाठवणाऱ्या परदेशातल्या समितीचा एक छापील फॉर्म दर वर्षी येई. त्यात एक रकाना होता, 'यंदाची आत्मिक वाढ'. बाई त्यात मुलांची वजनं लिहीत. अमुक इतके ग्रॅम, तमुक इतके ग्रॅम. समितीकडून उत्तर येई, प्रगती समाधानकारक. मला त्या रकान्यात आपलं नाव असल्यासारखं वाटे.

बाईंची वजन करायची पद्धत कडक होती. मूल उघडं, दुपटं कोरडं. दुपट्याचं वजन आधीच करून ते वजा करायचं. आणि काटा थांबेपर्यंत खोलीतल्या प्रत्येकाने दोन्ही हात वर धरायचे, म्हणजे कोणाचा चुकूनही तबकाला धक्का लागायला नको. एकदा समितीचे एक पाहुणे नेमके त्या वेळी दारात आले. त्यांनी फोटो काढला. पुढे तो त्यांच्या मासिकात छापून आला, खाली लिहिलं होतं, 'प्रार्थनेत तल्लीन'. मावशींनी फोटो पाहून विचारलं, "आपण खोटं छापवलं का हो?" बाई म्हणाल्या, फारसं नाही.

आता चिमटीची गोष्ट ऐका.

तिला वीटभट्टीवरच्या एका मजुराने टोपलीत घालून आणलं. तिचा वरचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता, थेट नाकापर्यंत. तिला दूध ओढता येत नव्हतं. पाजलेलं अर्धं दूध नाकातून परत येई. आई बाळंतपणातच गेली होती, आणि ह्या बिचाऱ्याची म्हातारी आई ते तोंड पाहून दाराची कडी लावून बसली होती. तीन महिन्यांची पोर, पण माझा काटा जेमतेम अडीच किलोवर गेला. चिमूटभर जीव म्हणून मावशींनी तिला चिमटी म्हणायला सुरुवात केली.

ओठ शिवणारे डॉक्टर आपलं सामान आणि माणसं घेऊन वर्षातून एकदाच येत, सात दिवसांसाठी. त्यांची अट एकच होती, मूल पाच किलोचं हवं. त्याखाली भूल द्यायची नाही. बाईंनी त्या चाळीस बाटल्यांपैकी एक फोडली आणि माझ्या तबकडीवर पाचच्या आकड्यापाशी एक लाल रेघ ओढली. दानाचं सार्थक झालं म्हणायचं.

बाप दर रविवारी यायचा. त्याला आकडे वाचता येत नव्हते, पण काटा आणि लाल रेघ यांच्यातलं अंतर त्याला बोटांनी मोजता यायचं. चार बोटं. तीन बोटं. भट्टीचा हंगाम संपला की सगळी टोळी दूर दुसऱ्या भट्टीवर जाणार होती. म्हातारीने सांगून ठेवलं होतं, तोंड नीट असेल तर पोर आणायची, नाहीतर जिथे आहे तिथे राहू दे. पुढच्या वर्षी डॉक्टर येतील तेव्हा हा कुठे असेल, त्यालाच ठाऊक नव्हतं. "ह्या खेपेला होईल ना?" तो विचारायचा. मावशी म्हणायच्या, "का नाही होणार? माझ्या हातचं दूध पिते ती."

मावशी तिला उभी धरून चमच्याने पाजत. एक चमचा आत, अर्धा बाहेर, मग पुसायचं, मग पुढचा. एका वेळच्या दुधाला तासभर लागे. दिवसातून आठ वेळा. तुम्ही हिशेब करा, मला दमायला होतं.

डॉक्टर यायच्या दिवशी सकाळी वजन झालं. सगळ्यांनी हात वर केले. काटा चढला, थरथरला आणि लाल रेघेच्या किंचित पुढे जाऊन थांबला. बाप मटकन खाली बसला. बाईंनी डोळे मिटले. मला मात्र काहीतरी खटकलं. मूल तबकावर एका जागी भार टाकतं. हा भार कडेकडेने सरकत होता, दाण्यादाण्याने. दुपट्याच्या काठात तांदूळ शिवलेला होता. मूठभर. वजा करायला दिलेलं दुपटं वेगळं होतं आणि चिमटीखालचं वेगळं.

मला संताप आला, मित्रांनो. मी, ज्याने आयुष्यात खोटं सांगितलं नाही, त्याच्या तोंडून मावशींनी खोटं वदवलं होतं. मी मनात म्हटलं, काय ही माणसं!

डॉक्टर आले. त्यांनी आकडा विचारला, तळहातावर लिहिला आणि भुलीच्या औषधाची बाटली उजेडात धरली. मावशी सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, डॉक्टर, हातावर कशाला लिहिता? डॉक्टर म्हणाले, औषध वजनावर मोजायचं असतं, एवढ्या लहान जिवाला जरा जास्त झालं तर पोर झोपेल, पण उठायची नाही.

मावशींनी चिमटीला बाईंच्या हातात दिलं, दुपटं घेतलं आणि दातांनी काठाची शिवण उसवली. तांदूळ फरशीवर सांडला.

"एवढं वजन माझं आहे," त्या म्हणाल्या. "तिचं नाही."

बापाला काय झालं ते कळलं नव्हतं, पण आनंद मागे जातोय एवढं कळलं होतं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. ते काहीतरी कठोर बोलणार होते आणि ते त्यांनी बोलायलाही हवं होतं. पण बाई आधी बोलल्या.

"मावशी, तांदूळ उचला. मग हात धुवा. आठ वाजताचं दूध तुम्हीच पाजायचंय."

बस्स, एवढंच. मी वाट पाहत राहिलो, आता उपदेश येईल, निदान एखादं वचन येईल. आलं नाही. मावशी गुडघ्यांवर बसून एकेक दाणा वेचत होत्या. थोड्या वेळाने बाईही शेजारी बसल्या आणि वेचू लागल्या. सत्तरीला टेकलेल्या बाईला गुडघ्यांवर बसायला किती वेळ लागतो, ते मी पाहिलं. मी आजवर पुष्कळ जड गोष्टी पाहिल्या होत्या, पण त्या क्षणी माझा रिकामा काटा हलला असं मला वाटतं. यंत्राने असं बोलू नये, पण हलला.

आता डॉक्टर कशावरच विश्वास ठेवायला तयार नव्हते. त्यांनी चिमटीला पुन्हा तोललं. चार किलो आठशे साठ. मग त्यांनी आपल्या पेटीतली पितळी वजनं काढली, पुरती पाच किलोंची, आणि माझ्यावर ठेवली. मी छाती काढून उभा राहिलो. काटा पाचवर गेला, लाल रेघ ओलांडून पुढे गेला आणि पाच किलो चाळीस ग्रॅमवर थांबला.

डॉक्टरांनी पुन्हा ठेवली. पुन्हा चाळीस.

"हा काटाही खोटा आहे," ते म्हणाले.

माझी स्प्रिंग थकली होती. बाई रोज सकाळी मला शून्यावर आणत, आणि शून्यावर मी अगदी खरा होतो. भार पडला की मात्र ढिला. माणसांतही असे असतात म्हणे. भरलेला काटा कोणी तपासला नव्हता, कारण माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता, सर्वांत जास्त माझा. मावशींनी तांदूळ एकदाच शिवला होता, तोही कबूल केला. मी किती वर्षं चाळीस ग्रॅम शिवून बसलो होतो, देव जाणे. टपाल कचेरीतले ते तक्रार करणारे लोक आठवले. त्यांची मी या निमित्ताने माफी मागतो.

म्हणजे चिमटी प्रत्यक्षात चार किलो आठशे वीसची होती. एकशे ऐंशी ग्रॅम कमी. डॉक्टर म्हणाले, अजून सहा दिवस मी इथे आहे, शेवटच्या दिवशीची शेवटची पाळी हिची ठेवतो, एक ग्रॅम कमी असला तरी मी हात लावणार नाही. बाईंनी लाल रंगाने चाळीस ग्रॅम पुढे एक नवी रेघ ओढली.

ते सहा दिवस मी टेबलावरून पाहिले. दूध आठ वेळांचं दहा वेळा झालं. मावशी पाजत, त्या थकल्या की बाई पाजत, आणि तिची पाठ ताठ धरायला बाप होता. तो भट्टीवरची मजुरी बुडवून आला होता. विटा उचलून त्याचे तळवे खरबरीत झाले होते, म्हणून तो हातांना टाय गुंडाळून तिला धरी. ते तेरा टाय शेवटी कामाला आले. एक चमचा आत, अर्धा बाहेर. पुसा. पुढचा. कोणी घाई केली नाही. चमचा तिच्या ओठांशी नेताना तिघेही नकळत आपापली तोंडं उघडत, जणू त्यांच्याच पोटात जाणार होतं.

मी पार्सलं तोलली होती, मित्रांनो. पार्सल जेवढं असतं तेवढंच राहतं. इथे माझ्यासमोर दूध माणूस होत होतं. रोज पस्तीस ग्रॅम, कधी तीस, एका दिवशी फक्त दहा. त्या दहाच्या दिवशी मावशींनी रात्री उठून अकराव्यांदा दूध पाजलं.

सातव्या दिवशी सगळ्यांनी हात वर केले. डॉक्टरांनीही केले. दुपटं त्यांनी स्वतः तपासलं होतं. काटा चढू लागला, पहिल्या रेघेवरून गेला, दुसरीपाशी घुटमळला. माझ्या थकलेल्या स्प्रिंगमध्ये जे काही प्रामाणिक उरलं होतं, ते सगळं मी एकवटलं. ढकलायचं नाही, अडवायचं नाही, फक्त सांगायचं. काटा दुसऱ्या रेघेच्या पुढच्या कडेला टेकला आणि थांबला.

डॉक्टरांनी वाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. मग ते म्हणाले, "चला."

बाप बोटं मोजायला पुढे आला. मोजायला अंतरच नव्हतं. मावशी त्याला म्हणाल्या, "आता रडू नकोस, धरायचंय तिला."

शस्त्रक्रिया पार पडली. टाके काढल्यावर, तीन आठवड्यांनी, चिमटीला घरी न्यायच्या दिवशी बाईंच्या शिस्तीप्रमाणे तिला माझ्यावर ठेवलं. दार उघडं होतं, उजेड आत येत होता. आणि तिने ओठ मिटले. दोन्ही ओठ, पुरते. मग तिने मावशींचं बोट पकडलं, तोंडात घातलं आणि ओढायला लागली, जोरात, आवाज करत. सबंध खोली ते पाहत उभी राहिली. बाप पाहत होता, बाई पाहत होत्या, मावशींनी बोट सोडवून घेतलं नाही.

मी माझं काम केलं होतं. काटा एका आकड्यावर थांबला होता. आकडा चांगला होता. पण तो कोणी वाचला नाही. वहीत त्या दिवसाची जागा अजून कोरी आहे.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची काळजी घ्या. आम्हाला पुसा, तेल द्या, वर्षातून एकदा खऱ्या वजनाने तपासा, आणि 'हा काही खोटं बोलायचा नाही' असं आमच्याविषयी आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलू नका. आमच्याकडे दुर्लक्ष करू नका, हे मी कळकळीने सांगतो. पण समोर एखादं मूल पहिल्यांदा ओठ मिटत असेल, तर खुशाल करा. तेवढ्यापुरतं आमचं काही म्हणणं नाही.