तेहतीस अंशांची कृपा

त्या शनिवारी उबाल्दोच्या शेडमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. इटलीतल्या मोदेनाजवळच्या त्या गावातली माणसं तशी भोळी नव्हेत. मारियामातेची मूर्ती रडली असती, तर त्यांनी आधी छप्पर कुठे गळतंय ते पाहिलं असतं. पण मोजयंत्राचा काटा हलला, की सगळे अक्कल गहाण टाकून मोकळे! कुणाच्या इंजिनात किती वारा शिरतो यावरून तिथे सोयरिकी मोडत.

उबाल्दो पूर्वी खाटीक होता. आता स्वतःला 'माएस्त्रो', म्हणजे उस्ताद, म्हणवून घेई. समोर लांब चादर घातलेलं टेबल, त्यावर इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्हच्या झडपा बसवलेलं वरचं झाकण. खालचा पंखा उघड्या व्हॉल्व्हमधून वारा ओढत होता आणि काटा तो मोजत होता. उबाल्दोने हेडवर हात ठेवून डोळे मिटले. डोळे उघडले की कृपा सांडते म्हणे!

"प्रभू येशू किती वर्षं जगले?"

"तेहतीस!" गर्दी ओरडली.

"मग व्हॉल्व्ह जिथे टेकतो, ती सीट किती अंशांत कापायची?"

"तेहतीस!"

"पंचेचाळीसला कापतात ते पापी! अजून कापलं नाही, नुसता हात ठेवलाय. बघा!"

काटा खरोखरच ऐंशीवरून ब्याण्णववर गेला. म्हाताऱ्या प्रिमोने टोपी काढली. उबाल्दोने हात उचलला, तसा काटा परत ऐंशीवर आला.

एर्सिलिया मात्र गर्दीतून वाट काढत टेबलापाशी आली. हेड तिच्या वडिलांचं, ओरेस्तेंचं होतं. वारण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने कापलेल्या त्या शेवटच्या सीटा. घाटातल्या शर्यतीसाठी तिचा धाकटा भाऊ नेव्हियो ते इथे घेऊन आला होता.

"नेव्हियो, एकदा कापलं की कापलं. बाबांचं काम परत मिळायचं नाही."

"अगं, काटा खोटं बोलेल का?"

एर्सिलिया तंत्रशाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, पण तिला आठवले ते बाबा. मोजण्याआधी ते दर वेळी व्हॉल्व्ह बंद करून काटा शून्यावर येतो का ते बघत. "दार लावून कोण आलं ते बघता का?" असं म्हणून दोघं भावंडं त्यांना हसायची.

"माएस्त्रो, बाबांच्या हेडचा निरोप घेऊ?"

"घे पोरी, घे," डोळे न उघडताच उबाल्दो म्हणाला. "मग शेवटची कृपा करतो आणि कापायला घेतो."

तिने वाकून हेडचा मुका घेतला आणि व्हॉल्व्ह उघडा धरणारा स्क्रू हळूच सैल केला. काटा शून्यावर पडला. सगळ्यांनी आ वासला. एर्सिलियाने ओठांवर बोट ठेवलं. उबाल्दोने पुन्हा हेडवर हात ठेवला.

"आली... कृपा आली... झाले ना ब्याण्णव?"

"बारा," प्रिमो म्हणाला.

"बारा कसे?"

"शून्यावरून बारा. माएस्त्रो, व्हॉल्व्ह बंद आहे."

"श्रद्धेला व्हॉल्व्ह लागत नाही!" उबाल्दो गरजला. डोळे अजून मिटलेलेच.

"मग इंजिनाला तरी कशाला ठेवायचा?" म्हणत एर्सिलियाने चादर वर केली. उबाल्दोच्या गुडघ्याला दोरी होती, दोरीला दारूच्या बाटलीचं बूच, आणि बूच निघालेल्या भोकातून यंत्र सूं सूं वारा ओढत होतं.

"काटा खरंच सांगत होता," ती नेव्हियोला म्हणाली. "वारा हेडमधून आला की भोकातून, हे त्याला कळत नाही. ते आपण बघायचं असतं."

"आणि तेहतीस अंश?" प्रिमोने विचारलं.

"त्यात पाप नाही, पुण्यही नाही. सीट चपटी केली की व्हॉल्व्ह जेमतेम उघडतो तेव्हा वारा जास्त जातो. पूर्ण उघडला की वाऱ्याला एकदम वळावं लागतं, मग तो अडखळतो. बाबांनी मध्ये पंचेचाळीस ठेवून वरची कड तीसला आणि खालची साठला उतरवली, म्हणजे वारा बेताबेताने वळतो. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, मोजून बघा. फक्त आधी भोक बुजवा."

कुणीतरी हसलं. प्रिमो हसला नाही. "माझ्या दोन्ही इंजिनांच्या सीटा याने कापल्यात," तो म्हणाला, आणि टोपी परत डोक्यावर चढवली.

"पुढचा माएस्त्रोही येईल," एर्सिलिया म्हणाली. "त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या पायाही पडू नका. एवढंच म्हणा, व्हॉल्व्ह बंद करून दाखवा."

नेव्हियोने हेड उचलून पोटाशी धरलं.

"बाबांना मी किती हसायचो गं."

"मीही हसायचे," ती म्हणाली. "चल, घरी जाऊन मोजू. आधी शून्य बघायचं."