हळदीच्या दळणाची फीत

तुळशीरामनं टेपरेकॉर्डरचं झाकण उचललं अन् बोट नाकाशी नेलं. "एरंडेल कोणं ओतलं हो यात?"

कोकिळेनं भावाकडे पाहिलं. उकंडरावानं टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "लय कुरकुरे ते. म्हटलं, बैलबंडीच्या आसाले घालतो तसं थोडं घालू."

"बंडी हाय का हे? रबरी पट्टा फुगून घसरून राह्यला. फीत रुळाले गुंडाळली ते येगळंच."

बुलढाण्यातल्या तुळशीरामच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बारा वाजून गेले होते. दोनची एसटी धरायची होती. चार वाजता देऊळघाटला उकंडरावाच्या धाकट्या लेकीची हळद. अन् त्या फितीत दोघांची आई होती, झुंबरबाई. चार वर्षांमागं थोरल्या नातीची हळद दळताना गायलेली. यंदा पोळ्याला आई गेली. धाकटीचं एकच म्हणणं, माह्या हळदीले आजीच गाईल. फीत ती एवढी एकच.

तुळशीरामनं चिमट्यानं एकेक वेढा सोडवला, स्पिरिटच्या बोळ्यानं तेल पुसलं, सायकलच्या ट्यूबचं कडं कापून पट्ट्याच्या जागी चढवलं. मग बोटं कोकिळेपुढं धरली. बोटांवर तपकिरी पूड होती.

"बाई, आवाज म्हंजे हेच. तेलानं सुटून राह्यलं. चार खेपा चालंल, पाचवीचा भरोसा नाही."

पहिल्या खेपेला आई चिवचिवली. परकर नेसलेल्या पोरीसारखी.

"हाच!" उकंडरावाचे डोळे भरले.

"दादा, गप रे. आई अशी होती का?"

"कडं जाड झालं, म्हून पळते," तुळशीराम म्हणाला. त्यानं ब्लेडनं रबर खरवडलं अन् पुन्हा खटका दाबला. आता आवाज जड आला, खोल, आडात उतरल्यासारखा.

"हाच," उकंडराव म्हणाला.

"मंघाही हाच म्हणला तू!"

"बाई, बरोबर कोणता ते तुमीच सांगा. म्या काही त्यायले आयकलं नाही."

कोकिळेनं डोळे मिटले. आईचा आवाज आठवू गेली तर मघाची चिवचिव आठवे, नाही तर हा जडपणा. त्यांच्या आडचा खरा आवाज कुठंच सापडेना. सहा महिन्यांत आईचा गळा विसरावा? अन् कोणाला विचारावं? रीळ फिरतच होतं, पूड झडतच होती.

ओवीच्या खाली जात्याची घरघर चालली होती. त्या दिवशी त्याच जात्यावर समोर कोकिळा बसली होती. एक खुंटा, दोघींचे हात.

ती खाली फरशीवर बसली. एक पाय पसरला, मूठ वळली अन् रिकाम्या हवेत हात फिरवू लागली. हात पुढं गेला, घरघर मागं राहिली. दुसरा फेर, पुन्हा तेच.

"बंद करा! जातं मांगं राहून राह्यलं. थोडंसं जल्दी पाह्यजे. लय नाही."

"हाताले याद हाय?"

"हाताले हाय."

तुळशीरामनं मोटरच्या दांड्यावर चिकटपट्टीचा एक वेढा दिला. जरा थांबून अर्धा सोडवला. "ही तिसरी," एवढंच बोलून त्यानं खटका दाबला.

कोकिळेचा हात फिरला. पुढं, वळून मागं. दगड तिच्या मुठीबरोबर वळला, तिच्याबरोबर परतला. मग वरून आई आली, जरा घोगरी, ओळीच्या शेवटी श्वास तोडणारी:

*हळद दळते बाई, पिवळ्या झाल्या दाही दिशा,*
*नात माही न्हाली, उन्हाले आला वास कसा…*

या खेपेला उकंडरावानं भिंतीकडे तोंड केलं.

पुढची ओवी ऐकायला कोकिळेचा जीव तुटत होता. काचेखाली पूड भुरभुरत होती.

"थांबवा, भाऊ," ती म्हणाली. "राह्यलेलं पोरीचं हाय."

खटका उठला. रिळं थांबली. हाताला मात्र सुरू झालेला फेर अर्ध्यात सोडवेना. तो पुरा करूनच ती उठली.