परक्या पाठीचा साचा

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत रेसच्या टीमच्या साहेबांनी सगळ्या मेकॅनिकना बाहेर काढले, शटर अर्धे खाली ओढले आणि मामांना म्हणाले, “फोम कालवायला घ्या. पाहुणे आलेत.”

मामा चपापले. सीझनची एकच रेस उरली होती, ती रविवारी. आता कोणाला नवी सीट हवी होती?

मामांचे काम सीट करण्याचे. रेसच्या गाडीत आत जागा इतकी कमी की अंगरखा घालावा तशी ती गाडी अंगावर चढवावी लागते. मोकळ्या सांगाड्यात प्लॅस्टिकची पिशवी अंथरायची, ड्रायव्हरला तिच्यावर बसवायचे आणि पाठीमागून पिशवीत पातळ फोम ओतायचा. फोम फुगतो, गरम होतो, पाठीच्या खाचाखोचांत शिरतो आणि पंधरा मिनिटांत घट्ट होतो. तोवर ड्रायव्हरने हूं की चूं करायचे नाही. मग सुरी आणि कानस घेऊन मामा तो साचा तासत बसत. बावीस वर्षे हेच. त्यामुळे कोण ड्रायव्हर येणार हे त्यांना जगाच्या आधी कळे. पण ताकास तूर लागू द्यायची नाही ही त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती त्यांना पगारापेक्षा प्यारी होती.

टीमच्या गाड्या दोन. निळ्या पट्ट्याची घड्याळाची. घड्याळ म्हणजे अडतीस वर्षांचा जुना ड्रायव्हर. प्रत्येक फेरी मोजून मापून तेवढ्याच वेळात पुरी करायचा, म्हणून हे नाव. लाल पट्ट्याची भिंगरीची. भिंगरी म्हणजे मामांच्या सख्ख्या ताईचा मुलगा. चालायला लागला त्या दिवसापासून घरात तेच नाव. तो मामा म्हणे म्हणून सगळी टीम मामा म्हणू लागली. कोणाचा खरा मामा हे नव्या माणसाला कळायचे नाही.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि एका टीममध्ये दोन ड्रायव्हर राहतात तेही म्यान फाडूनच. वर्षभर दोघे एकमेकांचे टायर, इंजिन, फेऱ्यांचे आकडे चोरून बघत आले होते. आता घड्याळाला विजेतेपदासाठी थोडेच गुण हवे होते आणि रविवारी भिंगरीने त्याच्या मागे राहायचे, असे ठरले होते.

पाहुणा आत आला. टोपी डोळ्यांवर, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत. मामांनी तरी ओळखले. दुसऱ्या टीमचा नावाजलेला ड्रायव्हर.

“कोणत्या गाडीत बसवू?” मामांनी विचारले.

“लाल.”

“निळीही मोकळीच आहे, साहेब.”

“लाल म्हटलं ना.”

म्हणजे जाणार होता तो भिंगरी. दोन्ही सांगाडे सारखेच, पण एका अपघातानंतर लाल गाडीतले आग विझवायचे नळकांडे डावीकडे बसवले होते. त्यामुळे तिच्या सीटला डाव्या कुशीत खाच ठेवावी लागे. लाल गाडीत केलेली सीट निळीत बसत नसे. पाहुणा उंच होता, म्हणून मामांनी स्वतःच पाना घेऊन पेडल बोटभर पुढे सरकवले. ते काम खरे मेकॅनिकचे, पण मेकॅनिक शटरबाहेर डबा खात होता.

फोम ओतला. साहेब फोनवर बोलत पलीकडे गेले. पाहुण्याचे अंग अडकले होते, तोंड तेवढे मोकळे.

“मामा, हा लालवाला आहे तरी कसा?”

“बरा आहे.”

“बिचारा. त्याला पत्ताच नाही म्हणे. रविवारी शेपटीसारखा मागे राहा, पुढचं वर्ष तुझंच, असं सांगून ठेवलंय. सोमवारी हातात नारळ. मला कसंतरीच वाटतं हो. पण उद्या माझ्या बाबतीतही कोणी हेच करणार. आपला धंदाच असा.”

“हलू नका,” मामा म्हणाले. “पाठ वाकडी येईल.”

साचा निघाला. मामा तासायला बसले. कमरेपाशी वाटाण्याएवढा उंचवटा राहू दिला, तर दहा फेऱ्यांत माणूस आई आई करील. मामांनी तिथे अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग कानस उचलली आणि जागा गुळगुळीत केली. पाठीने काय पाप केले होते?

जाताना साहेब म्हणाले, “तुम्हाला वेगळं सांगायला नको.”

“तो माझा भाचा आहे, साहेब.”

“म्हणूनच सांगतोय. कळलं तर रविवारी त्याचं डोकं फिरेल. आणि त्या वेगात डोकं फिरलेला माणूस… तुमच्या ताईंना काय तोंड दाखवाल?”

साहेबांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले होते.

संध्याकाळी ताईचाच फोन. “अरे, त्याला त्या पिवळ्या गाड्यांच्या टीमने बोलावलंय. शनिवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही सांग म्हणाले, नाहीतर दुसरा घेतील. हा म्हणतो, नाही सांगणार. साहेबांनी शब्द दिलाय म्हणे. तू आतल्या गोटातला. तुला काय वाटतं?”

“बघू.”

“बघू काय? घराला आग लागली तरी तू बघूच म्हणशील. लहानपणापासून असाच. बरं, त्याला जप हं.”

मामांनी फोन ठेवला. सांगावे तर पोरगा रागात स्टीअरिंग धरील. न सांगावे तर सोमवारी इथलेही गेले आणि तिथलेही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मामा मधल्या बांधावर. त्यांनी आपल्या मनाला एक दिवसाची मुदत दिली. भित्र्या माणसाला मुदत फार आवडते.

शुक्रवारी सराव होता. भिंगरी शीळ घालत आला, मामांच्या टकलावर टिचकी मारली, गाडीत शिरला. तिसऱ्याच फेरीत लाल गाडी वळणावर सरळ गेली आणि खडीत धूळ उडवीत रुतली. पडद्यावर धुळीखेरीज काही दिसेना. मामा मोजू लागले. एक, दोन, तीन… सातला धुळीतून हेल्मेट वर आले.

भिंगरी परतला तो चालत, रागाने लाल होऊन. थेट पेडलच्या मेकॅनिकच्या अंगावर गेला.

“ब्रेक कुठे गेला माझा? पाय पोचतच नव्हता! बसताना वाटलं नवे बूट आहेत म्हणून. झोपेत काम करतोस का रे?”

“देवाशपथ, मी हात लावलेला नाही.”

“मग काय पेडल आपल्या पायांनी चालत गेलं?”

मेकॅनिकला तीन मुले होती आणि जीभ जड होती. तो नुसता ओठ हलवीत राहिला. मामांना आपल्याच तोंडून आवाज आलेला ऐकू आला. “मी सरकवलं होतं. काल. आतून पुसायला. परत लावायचं राहिलं.”

बावीस वर्षांत पेडल परत लावायचे त्यांचे कधी राहिले नव्हते. साहेब दाराशी उभे होते, त्यांची नजर मामांवरून हलेना.

भिंगरीने हेल्मेट काखेत मारले. मग हसला. “मामा, म्हातारा झालास तू. भाच्याला वर पाठवायची घाई झालीय काय?”

लोक हसले. मामांना ते हसू कानसेसारखे लागले.

दुपारी घड्याळ मामांच्या कोपऱ्यात आला. इकडे तिकडे बघून स्टुलावर टेकला.

“मामा, फोमचा वास येतोय कालपासून. माझ्या गाडीत तर कोणी बसलं नाही ना?”

वर्षभर ताठ मानेने फिरणारा हा माणूस आता कुजबुजत होता. मामांनी मान हलवली. नाही.

घड्याळाचा जीव भांड्यात पडला. मग त्याला अर्थ कळला आणि त्याने मान खाली घातली.

“म्हणजे त्याच्या.”

मामांनी कानस पुसायला घेतली.

“रविवारपर्यंत थांबा, मामा. पाया पडतो. तो मागे राहिला तरच माझं जमेल. मला पुढच्या वर्षी कोण विचारतोय? हीच शेवटची संधी.”

“त्याला उद्या बारापर्यंत उत्तर द्यायचंय, पिवळ्या टीमला.”

घड्याळाने मनगटावरची वेळ पाहिली. मग उठला. “मला हे ठाऊक नव्हतं असं समजा,” एवढे म्हणाला आणि गेला. काचेपलीकडून भिंगरी दोघांकडे बघत होता.

शनिवारी साडेअकराला मामांनी भिंगरीच्या खोलीचे दार ढकलले. तो शूजची नाडी बांधत होता, शेजारी फोन पडला होता.

“पिवळ्यांना ‘नाही’ म्हणून कळवलंस?”

“आता कळवतो. का?”

“हो म्हण त्यांना. तुझ्या गाडीची सीट झालीय दुसऱ्याच्या मापाची. गुरुवारी. मीच केली.”

नाडी तशीच राहिली. भिंगरी हळूहळू सरळ झाला. मामांना वाटले, आता ओरडेल. तो ओरडला नाही.

“घड्याळाने पाठवलं ना तुला?”

“काय?”

“काल तासभर बसला होता तुझ्यापाशी. मी गेलो की इथे त्याचं एकट्याचं राज्य. आणि तू माझा मामा! त्याने तुला मामा बनवलं, आणि तू मला बनवायला आलास.”

“अरे, आईची शपथ…”

“माझ्या आईला मध्ये आणू नकोस.”

भिंतीवर अकरा चाळीस झाले होते. मामांनी तोंडाने समजवायचा नाद सोडला. त्यांना बोलणे कधी जमलेच नव्हते, हात तेवढे चालत. त्यांनी भाच्याचे मनगट धरले आणि ओढत त्याला खाली वर्कशॉपमध्ये नेले. दहा-बारा माणसे कामात होती. मामांनी आपले कपाट उघडले, चादरीत गुंडाळलेली सीट काढली, लाल गाडीतली सीट उपसून बाजूला ठेवली आणि सर्वांदेखत नवी आत सोडली.

डाव्या कुशीतली खाच नळकांड्यावर अलगद बसली. सुईला जागा उरली नाही.

“हातच्या काकणाला आरसा कशाला? बस,” मामा म्हणाले.

भिंगरी बसला. खांदे दोन्हीकडे रिकाम्या जागेत हलले. मान खाली गेली. लहान मुलाने बापाचा कोट घालावा तसा तो त्या सीटमध्ये दिसत होता. कोणाच्या तरी हातातला पाना खाली पडला. पेडलच्या मेकॅनिकने मामांकडे पाहिले. शुक्रवारचे कोडे त्याला आता सुटले होते.

भिंगरी बाहेर आला. आवाज अगदी खालचा. “गुरुवारी कळलं तुला.”

“हो.”

“मी खडीत गेलो तेव्हा तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि म्हणालास पुसायला.”

मामांनी रिकाम्या चादरीची घडी घालायला घेतली. तू रागात गाडी चालवशील म्हणून भ्यालो, हे खरे होते. बावीस वर्षांचे नाव जाईल म्हणून भ्यालो, हेही खरेच होते. आणि यातले आधी कोणते, हे त्यांचे त्यांनाही सांगता आले नसते.

साहेब जिन्यावरून उतरत होते. त्यांनी गाडी पाहिली, सीट पाहिली, आणि मामांसमोर नुसता हात पुढे केला. मामांनी गळ्यातला टीमचा पास काढून त्या हातावर ठेवला.

“उद्या गाडी चालवणार आहेस ना?” साहेबांनी भिंगरीला विचारले. आवाजात पहिल्यांदाच आर्जव होते.

“चालवीन. त्याच्या मागे राहीन की नाही, ते उद्या बघू.”

त्याने फोन लावला. अकरा त्रेपन्न. पलीकडे घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. त्याने परत लावला. सगळे वर्कशॉप श्वास रोखून ती घंटी ऐकत होते. घड्याळ आपल्या निळ्या गाडीशी उभा होता, एक हात तिच्या नाकावर ठेवून. तिसऱ्या खेपेला कोणीतरी उचलले. भिंगरी पाठ फिरवून बोलला. “हो… हो, माझं हो आहे… आत्ता?”

मग त्याने मागे न बघताच फोन मामांच्या दिशेने धरला. “मंगळवारी चाचणी आहे म्हणतात. सीटचं माप आत्ता हवंय. सांग.”

मामांनी फोन कानाला लावला. कागद नव्हता, चष्मा वर राहिला होता. त्यांनी डोळे मिटले आणि तळवा हवेत सपाट धरला, जणू ती पाठ समोर होती.

“लिहा. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. कमरेत उजवीकडे जादा भर द्या, तिथे तो कलतो. पाठीचा कणा वरून…”

“बोट म्हणजे किती?” पलीकडून आवाज आला.

“माझं बोट. अठरा मिलिमीटर. पुढे लिहा. मांडीखाली दोन बोटं.”

“दीड,” भिंगरी म्हणाला. पाठ अजून फिरवलेलीच.

“दोन,” मामा म्हणाले. “गेल्या वर्षी तू वाढलास.”

मामा सांगत गेले, आणि माप पुरे होईपर्यंत भिंगरी जागचा न हलता उभा राहिला.