मास्तरच्या भुवया

रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षात ती सगळ्यांहून मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. सकाळी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि दुपारी कॉलेज गाठायची. दुकानाने तिला एक विद्या दिली होती, समोरच्याचं तोंड वाचायची. नवा चष्मा चढवून गिऱ्हाईक "छान दिसतंय" म्हणायचं आणि ताईला कळायचं, याला काही धड दिसत नाहीये.

अशी ही चलाख बाई प्रात्यक्षिक परीक्षेत मात्र दोनदा आपटली होती. परीक्षा तशी सरळ. एक पांढरी पूड देतात आणि तीन तासांत तिच्यात काय आहे ते शोधायचं. सोमवारी तिसरी खेप होती आणि चौथी कॉलेज देत नव्हतं. धाकटी बहीण मागून येऊन पदवी घेऊन मोकळी झाली होती. आई हल्ली परीक्षेबद्दल एक शब्द विचारत नसे, आणि ते न विचारणंच ताईला जास्त लागायचं.

मास्तर तिच्याच वर्गातला, वयाने सहा वर्षांनी लहान. अख्खं पुस्तक तोंडपाठ, म्हणून नाव मास्तर. पण तोंडी परीक्षेत सरांनी प्रश्न विचारला की याची दातखीळ बसायची. तेव्हा दोघांनी आपसात वाटणी केली होती. तो तिला रोज एक पुडी ओळखायला द्यायचा, ती परीक्षक होऊन त्याच्यावर डाफरायची. महिनाभरात मास्तरला कंठ फुटला होता आणि ताईने वीस पुड्यांपैकी एकोणीस बरोबर ओळखल्या होत्या.

"सोमवारी तू बाजी मारणार," मास्तर म्हणायचा.

पण ताईच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. इथे वीसपैकी एकोणीस आणि परीक्षेत भोपळा, हे कसं? हात तेच, नळ्या त्याच, बाटल्या त्याच. मग तिथे काय बदलतं?

शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत दोघंच होते. दाराशी स्टुलावर बसलेले प्रयोगशाळेतले काका अधूनमधून "नळ्या फोडू नका रे" एवढंच म्हणत होते. मास्तरने खिशातून पुडी काढून दिली. ताईने पूड पाण्यात विरघळवली, तिच्यात कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडला. दह्यासारखा पांढरा साका आला. आणखी सोडा घातल्यावर तो विरघळून गेला. म्हणजे इथे दोन वाटा फुटत होत्या, ॲल्युमिनियम किंवा झिंक.

"ॲल्युमिनियम," ताई म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "की झिंक?" पुन्हा थांबली. "मास्तर, तुझं आज काय बिनसलंय?"

"मी काय केलं?"

"तुझा चेहरा! कोरा करकरीत. रोज मी चुकीचं बोलले की तुझी डावी भुवई वर जाते. आज दोन्ही जागच्या जागी."

बोलून गेली आणि मग आपण काय बोललो ते तिच्या ध्यानात आलं. मास्तर कानापर्यंत लाल झाला.

"ताई, खरं सांगू? आज चार पुड्या मी क्रमाने खिशात ठेवल्या होत्या. नंबर टाकला तर तू ओळखशील, म्हणून टाकला नाही. मघाशी पेन उचलायला वाकलो आणि सगळ्या खाली पडल्या. ही कुठली, मलाच ठाऊक नाही."

ताई स्टुलावर मटकन बसली. एकोणीस पुड्या तिने नळीत ओळखल्याच नव्हत्या. मास्तरच्या कपाळावर वाचल्या होत्या! तिला हसू आलं, पण ते लगेच विरलं. सोमवारी मास्तरची भुवई कुठून आणायची?

"गेल्या वर्षी मी कॅल्शियम लिहिलं होतं," ती हळूच म्हणाली. "सर आले, वही घेतली, डोळे बारीक केले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, 'नक्की?' मी खोडलं आणि स्ट्रॉन्शियम लिहिलं."

"आणि होतं काय?"

"कॅल्शियमच. त्याच्या आदल्या वर्षीही हेच झालं."

मास्तरने पुडीचा कागद उलटसुलट करून पाहिला. "हे ॲल्युमिनियमच असणार बघ. झिंकची पुडी मी मोठी बांधली होती." आणि आता त्याची भुवई छान सैल पडली, अगदी रोज बरोबर उत्तराला पडायची तशी. लिहून टाकण्याचा मोह ताईला झाला, हे तिने नंतर कबूल केलं. पण आता तिलाच बघायची हाव सुटली होती. कोणालाच माहीत नाही असं काहीतरी त्या नळीत होतं, आणि हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तिने दुसऱ्या नळीत थोडं द्रावण घेऊन अमोनिया घातला. साका आला. आणखी घातला. ॲल्युमिनियम असेल तर साका बसून राहणार, झिंक असेल तर विरघळणार. ती नळीला नाक लावून बघत राहिली. साका विरघळला.

"झिंक."

"अगं, पण पुडी लहान..."

"पुडीला काय कळतंय? कोळसा दे."

तिने कोळशाच्या खळगीत ती पूड धुण्याच्या सोड्यात मिसळून ठेवली, फुंकनळीने बर्नरची ज्योत तिच्यावर धरली आणि गाल दुखेपर्यंत फुंकलं. खळगीत पिवळं काहीतरी उरलं. ज्योत बाजूला केल्यावर दोघं श्वास रोखून वाकले. पिवळा रंग फिका झाला आणि थंड होता होता पांढरा पडला. तापल्यावर पिवळं, निवल्यावर पांढरं. झिंकच होतं. काकासुद्धा स्टूल सोडून बघायला आले.

"आता उरलेल्या तिन्ही दे," ताई म्हणाली, "आणि भिंतीकडे तोंड करून बस."

सोमवारी तिसऱ्या तासाला सर तिच्या टेबलाशी आले, तेच सर. तिने उत्तर लिहिलं होतं. सरांनी वही घेतली, डोळे बारीक केले, कपाळावर त्याच आठ्या उमटल्या.

"नक्की?"

खोडरबर हाताशीच होतं. ताईने आधी नळीकडे पाहिलं. मग, दोन वर्षांत पहिल्यांदाच, सरांकडे न घाबरता पाहिलं. बारीक केलेले डोळे, मागे ताणलेली मान. असं गिऱ्हाईक दुकानात रोज दहा वेळा यायचं.

"नक्की, सर," ती म्हणाली. "वही जरा लांब धरा, म्हणजे दिसेल."

सर क्षणभर गोंधळले. मग त्यांनी वही हातभर लांब धरली आणि कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. त्यांनी उत्तर वाचलं, मान डोलावली आणि सही केली.